करार कोणाचा, किंमत कोणाची? : ‘वॉरलॉक’ या पात्राच्या इतिहासातील एक प्रश्न

‘वॉरलॉक’ हा शब्द जुन्या इंग्रजीतील ‘वेरलोगा’ या सामासिक शब्दापासून आला आहे. ‘वेर’ म्हणजे वचन, करार. ‘लोगा’ म्हणजे ते खोटे ठरविणारा. वचनभंग करणारा, विश्वासघातकी हा त्याचा मूळ अर्थ. पुढे तो खुद्द सैतानालाही लावला गेला आणि स्कॉटलंडमध्ये सैतानाशी संधान बांधून जादूटोणा करणारा पुरुष या अर्थी स्थिरावला. म्हणजे या शब्दात जादू मागाहून आली. आधी होता तो करार, आणि त्याहीपेक्षा नेमके सांगायचे तर मोडलेला करार. ब्लिझार्ड एन्टरटेन्मेन्ट या अमेरिकन कंपनीचा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा संगणकीय खेळ २३ नोव्हेंबर २००४ रोजी उत्तर अमेरिकेत सुरू झाला, तेव्हा त्यातील नऊ पात्रवर्गांपैकी एकाला हे नाव मिळाले. ज्यांनी हा वर्ग निवडून वर्षानुवर्षे दैत्यांना बोलावले त्या खेळाडूंना शब्दाची ही कुळकथा ठाऊक असण्याचे कारण नव्हते. परंतु साहित्याच्या अभ्यासकाला एक प्रश्न पडावयास हवा : चार शतके युरोपीय साहित्यात ज्या कराराभोवती दैत्य-आवाहकाची कथा रचली गेली, त्या कराराचे या खेळात काय झाले?

खेळाला वाङ्मय म्हणावे काय, हा वाद येथे उकरून काढण्याची गरज नाही. ज्या पात्राची घडण नाटकातून, लोकपुस्तिकांतून आणि मंत्रविद्येच्या हस्तलिखितांतून झाली ते पात्र नव्या माध्यमात गेले की त्याच्या जुन्या अर्थाचा कोणता भाग टिकतो आणि कोणता गळून पडतो, हा निखळ वाङ्मयेतिहासाचा प्रश्न आहे. नव्या माध्यमातील कथेचा निकाल निवेदकाच्या हाती नसतो. तो नियमांच्या हाती असतो. म्हणून येथे संहिता म्हणून वाचावयाचे ते मुख्यतः नियमच.

मराठीत लिहिताना प्रथम शब्दाचीच अडचण येते. ‘मांत्रिक’ म्हटले की मंत्रावरील प्रभुत्व सूचित होते, करार होत नाही; आपला मांत्रिक भूत उतरवितो, भुताशी लेखी देवघेव करीत नाही. ‘चेटक्या’ या शब्दात निंदा आहे, पण आत्म्याचा सौदा नाही. ‘डेमन’ला प्रतिशब्द शोधताना तर सांस्कृतिक घोटाळाच होतो. राक्षसाला स्वतःचे कूळ, राज्य आणि तपश्चर्या असते. पिशाच हे बहुधा मेलेल्या माणसाचे. आणि गोव्यात ज्या देवचाराला हिंदू लोकसमजूत गावाचा राखणदार मानते, त्याच्याच नावाने ख्रिस्ती कोंकणी सैतानाला ओळखते. एकाच शब्दाच्या या दोन टोकांतच भाषांतराची सगळी अडचण साठलेली आहे. येथे सोयीसाठी ख्रिस्ती संदर्भात ‘सैतान’ आणि खेळाच्या संदर्भात ‘दैत्य’ हे शब्द योजले आहेत. ‘वॉरलॉक’ तसाच ठेवला आहे.

या पात्राच्या पूर्वेतिहासात एक विसंगती आरंभीच भेटते. दैत्यांची नावे, पदव्या, रूपे आणि त्यांना बोलाविण्याच्या रीती यांची जी यादी पुढे सर्वत्र वापरली गेली, ती प्रसृत करण्यात मोठा वाटा अशा लेखकांचा होता, ज्यांना हा सर्व प्रकार भ्रामक वाटत होता. योहान वायर हा वैद्य चेटकिणींच्या छळाचा विरोधक. त्याने १५७७ मध्ये आपल्या ग्रंथाला ‘स्यूडोमोनार्किया डेमोनम’ ही ६९ दैत्यांची यादी जोडली ती या विद्येचा पोकळपणा दाखविण्यासाठी. रेजिनल्ड स्कॉट या इंग्रज लेखकाने १५८४ च्या ‘द डिस्कव्हरी ऑफ विचक्राफ्ट’मध्ये ती इंग्रजीत उतरविली तीही खंडनासाठीच. परिणाम उलटा झाला. खंडन विसरले गेले आणि यादी राहिली. सतराव्या शतकातील ‘गोएशिया’च्या हस्तलिखितांत ती ७२ दैत्यांपर्यंत वाढली. दैत्यांची सरदार, राजा, उमराव अशी प्रतवारी, प्रत्येकाच्या हाताखाली ठराविक पलटणी, प्रत्येकाचे एक विशिष्ट कौशल्य, अशी ही मांडणी आहे. आजच्या खेळांच्या नियमपुस्तिकांतील प्राण्यांची कोष्टके ज्याने पाहिली असतील त्याला ती वाचताना परके वाटणार नाही. सैतानाचे कोष्टक बनविण्याची प्रवृत्ती संगणकाने आणलेली नाही, हे आधीच नोंदवून ठेवावे.

करार मात्र या याद्यांत नाही. मंत्रविद्येच्या ग्रंथांतील आवाहक ईश्वराच्या नावाने दैत्याला धमकावतो, वर्तुळात उभा राहून आज्ञा करतो. आत्मा विकत नाही. विक्रीची कथा येते ती १५८७ मध्ये योहान श्पीस याने फ्रांकफुर्ट येथे छापलेल्या ‘हिस्टोरिया’तून. योहान फाउस्ट नावाचा विद्वान स्वतःच्या रक्ताने करार लिहितो, चोवीस वर्षे सेवा घेतो आणि मुदत संपताच जातो. कथेचा घाट या मुदतीनेच निश्चित होतो. प्रत्येक प्रसंग उरलेल्या दिवसांतून वजा होत असतो. वाचकाला शेवट ठाऊक असतो आणि त्या ज्ञानामुळेच मधल्या गमतींना अर्थ येतो.

क्रिस्टोफर मार्लोच्या ‘डॉक्टर फाउस्टस’ने (छापील संहिता १६०४ आणि १६१६) या घाटाला दोन गोष्टींची जोड दिली. पहिली अशी की, मंत्राचे सामर्थ्यच संशयास्पद ठरते. फाउस्टस वर्तुळ आखतो, लॅटिन मंत्र म्हणतो, मेफिस्टोफिलिस प्रकट होतो. परंतु आपण मंत्राने ओढले गेलो नाही, कोणी ईश्वराला नाकारताना ऐकले की आपण आपणहून धावत येतो, असे तोच स्पष्ट करतो. म्हणजे आज्ञा करणाऱ्याला आज्ञेचा भास तेवढा मिळतो. स्वातंत्र्य सैतानाकडे राहते. दुसरी गोष्ट मोबदल्याच्या क्षुद्रतेची. विश्वाचे ज्ञान आणि साम्राज्य मिळविण्यासाठी विकलेला आत्मा अखेर खर्ची पडतो तो दरबारातील करमणुकीत आणि एका गर्भवती सरदारपत्नीला हिवाळ्यात द्राक्षे आणून देण्यात. समीक्षकांनी या मधल्या प्रवेशांना पुष्कळदा दुबळे ठरविले आहे. तथापि नाटकाची नैतिक दृष्टी जर कोठे निर्दय असेल, तर ती या द्राक्षांतच आहे.

याच नाटकाभोवती एक वदंता निर्माण झाली. विल्यम प्रिन या प्युरिटन लेखकाने नाटकांवर केलेल्या १६३३ च्या प्रचंड हल्ल्यात, फाउस्टसचा प्रयोग चालू असता रंगमंचावर खराखुरा सैतान दिसल्याची हकीकत दिली आहे. हकीकतीची सत्यता दुय्यम. तिच्यामागील भय महत्त्वाचे. नटाने खोटा मंत्र म्हटला तरी तो मंत्रच असतो काय? जे. एल. ऑस्टिनने क्रियावाचक उक्तींचा विचार करताना रंगभूमीवरील उक्ती एका विशिष्ट अर्थाने पोकळ असतात असे म्हटले. प्रिनला ते मान्य झाले नसते. योहान हॉयझिंगाने १९३८ च्या ‘होमो लुडेन्स’मध्ये क्रीडांगण, देऊळ, रंगमंच यांच्याबरोबर जादूच्या वर्तुळाचाही उल्लेख केला आहे, आणि खेळाच्या अभ्यासकांनी पुढे हीच संज्ञा खेळाच्या बंदिस्त अवकाशासाठी उचलली. मूळ वर्तुळ बाहेरचा सैतान आत येऊ नये म्हणून आखले जात होते, हे ही संज्ञा वापरणाऱ्यांपैकी थोड्यांच्याच ध्यानात राहते.

गटेने करार मोडला नाही, पण बदलला. १८०८ च्या पहिल्या भागात मुदतीऐवजी पैज येते : एखाद्या क्षणाला ‘थांब’ म्हणण्याइतके समाधान फाउस्टला झाले तर तो हरला. १८३२ च्या दुसऱ्या भागात त्याची सुटकाही होते. विंदा करंदीकरांच्या १९६५ च्या अनुवादामुळे पहिला भाग मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. येथे एवढेच लक्षात घ्यावयाचे की, गटेच्या हाती किंमत अनिश्चित झाली, तरी ती द्यावयाची कोणी हे निश्चित होते. फाउस्टच्या प्रवासात ग्रेटशेनचा नाश होतो. कराराबाहेरील माणसाला किंमत मोजावी लागते. हा धागा पुढे अनपेक्षित ठिकाणी सापडणार आहे.

विसाव्या शतकात हे पात्र छापील कथेतून खेळात आले. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये निघाला, १९७६ च्या पुरवणीत त्यात दैत्य आले आणि १९८० च्या दशकात अमेरिकेतील काही धार्मिक गटांनी हा खेळ म्हणजे सैतानपूजेची शाळा असल्याचा प्रचार चालविला. प्रिनचे भय साडेतीनशे वर्षांनी जसेच्या तसे परतले. प्रकाशकांनी १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘डेमन’ आणि ‘डेव्हिल’ हे शब्दच गाळले आणि पुढे त्याच जीवांना बनावट नावे दिली. नाव बदलल्याने वस्तू निरुपद्रवी होते, ही धारणा मंत्रविद्येचीच. विरोधक आणि प्रकाशक या दोघांचाही शब्दसामर्थ्यावर इतका विश्वास असावा, हे थोडे गमतीचे आहे.

‘वॉरक्राफ्ट’ मालिकेचा पहिला खेळ १९९४ चा. त्यातील ऑर्क पक्षाचा वॉरलॉक दैत्याला बोलावू शकत असे. पण तेथे तो सेनेतील एक प्यादे होता, त्याला स्वतःचे चरित्र नव्हते. चरित्र आले ते मालिकेच्या पुढील भागांत. गुलदान नावाचा वॉरलॉक सत्तेसाठी आपली सबंध जमात दैत्यांच्या दावणीला बांधतो. मॅनोरॉथ या दैत्याचे रक्त पिऊन ऑर्क टोळ्या गुलाम होतात. २००२ च्या तिसऱ्या खेळात ग्रॉम हेलस्क्रीम मॅनोरॉथला मारून आणि स्वतः मरून त्या गुलामीचा शेवट करतो. म्हणजे फाउस्टचा करार येथे आहेच, पण तो एका जमातीचा सामूहिक भूतकाळ आहे. २००४ चा खेळ सुरू होतो तेव्हा तो इतिहास झालेला आहे. आता खेळाडू वॉरलॉक होतो तो कोणत्याही सहीशिवाय. पहिल्याच पातळीवर एक लहानसे काम पुरे केले की ‘इम्प’ हा चिमुकला, कुरकुरा दैत्य हाताशी येतो. दहाव्या पातळीवर ‘व्हॉइडवॉकर’, विसाव्या पातळीवर ‘सक्यबस’, तिसाव्या पातळीवर ‘फेलहंटर’. प्रत्येकासाठी वेगळी कामगिरी असते, पण त्यांतील कोणतीही सौद्याची नव्हे. ज्या प्रसंगावर मार्लोचे नाटक उभे आहे, रक्त गोठते आणि सही अडते तो प्रसंग, या पात्राच्या नव्या आयुष्यातून पूर्णपणे वगळलेला आहे.

वगळलेली गोष्ट खेळाने स्थापत्यात लपविली, असे म्हणता येईल. मनुष्यांच्या स्टॉर्मविंड या राजधानीत वॉरलॉकांचे गुरू भेटतात ते ‘कापलेले कोकरू’ अशा अर्थाच्या नावाच्या एका मद्यालयाच्या तळघरात. ऑर्कांच्या ऑरग्रिमारमध्ये शहराच्या पोटातील अंधाऱ्या भेगेत. पात्राचे पाप असे पत्त्यात शिल्लक राहते. गावात त्याला कोणी अडवीत नाही, दुकानदार माल नाकारीत नाही, शेवटी कोणी न्यायला येत नाही.

मंत्राचे रूपही पालटले. खेळाडू मंत्र म्हणत नाही. तो एक कळ दाबतो आणि पडद्यावर एक पट्टी भरत जाते. दैत्याला बोलाविण्यास मूळ खेळात दहा सेकंद लागत. मार खाल्ला तर पट्टी मागे सरके, हाललो तर मंत्र तुटे. म्हणजे शब्दाची जागा काळाने घेतली. ज्या परंपरेत अचूक उच्चारावर, दैत्याच्या खऱ्या नावावर सगळे अवलंबून होते, तेथे आता उच्चारच उरला नाही. नावाचे तर विशेषच झाले. याच खेळातील शिकाऱ्याला आपल्या पाळीव प्राण्याचे नाव ठेवता येते. वॉरलॉकला आपल्या दैत्याचे नाव ठेवता येत नाही, ते यंत्र यदृच्छेने ठरविते आणि तेच कायम राहते. कदाचित रचनाकारांना एवढेच सुचवावयाचे असेल की प्राण्याला माणूस नाव देतो, दैत्य स्वतःचे नाव घेऊन येतो. पण ते नाव जाणून खेळाडूला काहीच लाभत नाही. दैत्याला नकार देण्याचे स्वातंत्र्य नसल्यामुळे त्याचे खरे नाव जाणण्याची गरजही संपते. मेफिस्टोफिलिस आपण होऊन आला होता. इम्प कुरकुरतो, पण येतोच.

करार नाही, मंत्र नाही, नावाचे गुपित नाही. मग वॉरलॉकपणा उरतो कशात? आरंभीच्या खेळाचे नियम बारकाईने वाचले तर उत्तर मिळते, आणि ते साधे नाही. करार गेला, पण किंमत राहिली. मात्र ती देणारा बदलला.

इम्पखेरीज इतर दैत्यांना बोलाविण्यासाठी ‘सोल शार्ड’, म्हणजे आत्म्याची एक कपची, खर्च करावी लागे. ती मिळविण्याचा मुख्य मार्ग असा : शत्रूवर आत्मा शोषण्याचा मंत्र चालू असतानाच तो मरावयास हवा. त्यातही अट अशी की, त्या वधातून वॉरलॉकला अनुभवाचे किंवा प्रतिष्ठेचे गुण मिळणे आवश्यक. फार दुबळ्या जीवाला मारले तर गुण नाहीत, आणि गुण नाहीत तर कपचीही नाही. अर्थ असा की, आत्मा आहे किंवा नाही हे मारणाऱ्याला होणाऱ्या लाभावरून ठरते. मध्ययुगीन धर्मशास्त्रात प्रत्येक आत्मा समान मोलाचा होता, आणि म्हणूनच सैतान एका विद्वानासाठी चोवीस वर्षे राबला. येथे आत्म्याचे मोल लाभाशी जोडले आहे. हे कोणी तत्त्वज्ञान म्हणून मांडले असते तर निषेध झाला असता; नियम म्हणून ते कोणाच्या लक्षातही आले नाही.

कपचीला जागाही लागे. प्रत्येक कपची झोळीतील एक पूर्ण घर अडवी आणि एकावर एक रचता येत नसे. मुळात मिळणाऱ्या झोळीत घरे सोळा. चाळीस जणांच्या मोहिमेपूर्वी वॉरलॉकने तासन् तास मारत फिरावे, झोळ्या भरून घ्याव्यात, त्यासाठी खास पिशव्या शिवून घ्याव्यात, आणि वाटेत सापडलेली मौल्यवान वस्तू जागा नाही म्हणून टाकून द्यावी, असा क्रम होता. नीतीचे ओझे येथे शब्दशः ओझे झाले. खेळाडू त्याला कंटाळत, त्याची थट्टा करीत. परंतु आपण किती जीव घेतले आणि त्यांतील किती खर्च केले हे त्याला प्रत्येक क्षणी डोळ्यांसमोर मोजता येई. फाउस्टला उरलेले दिवस मोजता येत होते. वॉरलॉक मोजतो ते परके मृत्यू.

स्वतःच्या रक्ताची किंमतही काही प्रमाणात शिल्लक होती. ‘लाइफ टॅप’ हा मंत्र स्वतःची प्राणशक्ती कमी करून तिची मंत्रशक्ती करी. ‘हेलफायर’मध्ये शत्रूबरोबर वॉरलॉकही जळे. रक्ताने सही करणाऱ्या फाउस्टचा हा सरळ वारस वाटतो. पण मोहिमेत काय घडे ते पाहावे. वॉरलॉक आपली प्राणशक्ती जाळी, आणि ती भरून काढण्यासाठी पुरोहित वर्गातील सहकारी आपली मंत्रशक्ती खर्च करी. पुरोहिताची वॉरलॉकवरील नाराजी ही या खेळातील एक जुनी आणि सर्वपरिचित तक्रार. धर्मसंस्थेने सैतानाच्या आवाहकाला जाळण्याचा काळ सरून त्याच्या जखमा बांधण्याचा काळ यावा, हा विपर्यास कोणी योजून आणला नव्हता. तो हिशेबातून आपोआप निर्माण झाला.

याहून उघड उदाहरण ‘रिच्युअल ऑफ डूम’ या विधीचे. साठाव्या, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या पातळीवरील हा विधी ‘डूमगार्ड’ या महादैत्याला बोलाविण्याचा. तो एकट्याने होत नाही. वॉरलॉकबरोबर आणखी चार साथीदार लागतात. विधी पूर्ण होताच सहभागींपैकी एक जण यदृच्छेने बळी जातो, आणि आलेल्या दैत्याला तत्काळ बंदी केले नाही तर तो उरलेल्यांवर तुटून पडतो. बंदी केले तरी ती बेडी फार तर पाच मिनिटांची. दुसरा महादैत्य ‘इन्फर्नल’ हाही पाच मिनिटांनी ताब्याबाहेर जाऊन मालकावर उलटे. बोलाविलेली शक्ती बोलाविणाऱ्याच्या हाताबाहेर जाणे हा गटेच्या १७९७ च्या शिकाऊ जादूगाराच्या कवितेपासून परिचित असलेला आकृतिबंध येथे टिकून आहे, आणि त्याच्या जोडीला मित्राचा बळी आहे. अर्थात या जगात मृत्यू स्वस्त असल्याने मेलेला मित्र थोड्याच वेळात उठतो. विधीला बसलेले पाचही जण हे जाणून असत, आणि कोणाचा क्रम लागतो याची उत्सुकता हाच त्यातील मुख्य आनंद असे. तरीही संपूर्ण नियमावलीत दैत्याच्या आवाहनाची किंमत माणसाच्या जिवात सांगणारा विधी म्हणून त्याचे स्थान वेगळे आहे.

या किमतीचा मोबदला कशात मिळे? येथे मार्लोची द्राक्षे आठवतात. मृतांच्या आत्म्यांतून वॉरलॉक साथीदारांसाठी प्रकृती सुधारणारे खडे बनवी. एखाद्याचा आत्मा दगडात सुरक्षित ठेवून मरणानंतर त्याच्या उठण्याची तजवीज करी. आणि आणखी दोघांना हाताशी घेऊन दूर राहिलेल्या गड्याला भुयाराच्या तोंडाशी बोलावून घेई, म्हणजे त्याची पायपीट वाचे. सर्वांत शापित पात्र सर्वांत सेवाभावी ठरले. मोहीम सुरू होण्यापूर्वी चाळीस जणांनी खड्यांसाठी वॉरलॉकपुढे हात पसरावेत, हा रोजचा देखावा. फाउस्टस एकाकी होता. त्याच्या शेवटच्या रात्री विद्यार्थीदेखील शेजारच्या खोलीत जातात. वॉरलॉकला एकाकी राहणे परवडतच नव्हते. त्याच्या विद्येची निम्मी अंगे दुसऱ्यावाचून चालत नाहीत. सैतानाशी केलेल्या कराराची जागा गटाशी असलेल्या बांधिलकीने घेतली, आणि हा या माध्यमाने त्या पात्रात घातलेला खरोखर नवा अर्थ आहे. तो कमी लेखू नये.

पुढचा इतिहास सुधारणांचा आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये वर्गणीदारांची संख्या एक कोटी वीस लाखांवर गेल्याचे कंपनीने जाहीर केले. त्याच महिन्यातील बदलांनी कपच्या झोळीतून काढून पडद्यावरील तीन खुणांत बसविल्या, आणि लढाई थांबली की त्या पुन्हा भरून घेण्याची सोय झाली. २०१२ मध्ये वॉरलॉकच्या तीन शाखांना तीन वेगळी चलने मिळाली. कपच्या एकाच शाखेकडे राहिल्या. २०१६ मध्ये त्या सर्व शाखांना परत देण्यात आल्या, कमाल पाच, पण आता त्या लढता लढता मंत्रांतूनच निर्माण होऊ लागल्या. कोणी मरण्याची अट उरली नाही. नाव आत्म्याच्या कपचीचेच, पण आत्मा कोणाचा हा प्रश्न विचारण्याची जागाच नाहीशी झाली. ‘लाइफ टॅप’ही पुढे मूळ खेळातून गेला. प्रत्येक बदलाचे समर्थन वाजवी होते : कंटाळवाणी मेहनत कमी झाली, इतर वर्गांच्या तुलनेत होणारा अन्याय दूर झाला. दैत्यविद्येच्या शाखेत तर उलट समृद्धी आली. एका आज्ञेसरशी अनेक इम्प धावून येतात, काही सेकंद लढतात आणि विरून जातात. पूर्वी ज्या इम्पला एक नाव होते, ज्याची कुरकुर परिचयाची झाली होती, त्याचे आता अनामिक घोळके झाले. दैत्य स्वस्त झाले तशी त्यांची ओळखही पुसली.

या सर्व काळात लोकप्रियतेने वाजवी सुधारणांच्या बाजूने कौल दिला, असे समजणे सोपे होते. परंतु ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीने आरंभीच्या वर्षांतील खेळ, त्याच्या सर्व गैरसोयींसह, ‘क्लासिक’ या नावाने पुन्हा खुला केला, तो खेळाडूंच्या दीर्घकालीन आग्रहामुळे. कपच्या झोळीत परतल्या. लोक पुन्हा तासन् तास मारत फिरू लागले, पुन्हा पिशव्या शिवू लागले, पुन्हा विधीला पाच जण जमवू लागले. याला गतकातरता म्हणून बाजूला सारता येईल, आणि तिचा अंश त्यात आहेही. तथापि ज्यांनी २००४ चा खेळ कधी पाहिला नव्हता असेही खेळाडू त्यात होते. त्यांना आठवण यावी असे काही नव्हते. अडथळ्यामुळे कृतीला वजन येते असे खेळाचे अभ्यासक म्हणतील. वाङ्मयाच्या बाजूने अधिक नेमके म्हणता येते : किंमत काढून टाकली की ‘वॉरलॉक’ आणि त्याच खेळातील ‘मेज’, म्हणजे साधा जादूगार, यांत रंगापलीकडे फरक उरत नाही. एकाचा अग्नी तांबडा, दुसऱ्याचा हिरवा. पात्राची ओळख त्याच्या शक्तीत कधीच नव्हती. ती कोणाच्या खात्यावर मिळविली यात होती.

येथे एक आक्षेप संभवतो. ज्याला शेवट नाही त्या कथेत किमतीची भाषाच गैरलागू नाही काय? फ्रँक कर्मोडने १९६७ च्या ‘द सेन्स ऑफ अॅन एन्डिंग’मध्ये शेवटाच्या जाणिवेतूनच मधल्या काळाला आकार येतो, असे प्रतिपादन केले. फाउस्टची चोवीस वर्षे हे त्याचे आदर्श उदाहरण ठरावे. हा खेळ मात्र दर दोनेक वर्षांनी वाढत जातो, शेवटची पातळी हलत राहते, मेलेला उठतो. देणे वसूल होण्याचा दिवस रचनेतच नसेल, तर देणेकरी कसला? आक्षेप बिनतोड दिसतो, पण तो किमतीची एकच तऱ्हा गृहीत धरतो. अंतिम दिवशी एकरकमी द्यावयाची किंमत या माध्यमात अशक्य आहे हे खरे. आरंभीच्या नियमांनी म्हणूनच तिचे हप्ते पाडले होते : थोडे मारलेल्याचे, थोडे पुरोहिताचे, थोडे विधीला बसलेल्या मित्राचे. हप्त्याने दिलेली किंमत शोकान्तिका निर्माण करीत नाही. ती हिशेब निर्माण करते. ऋणाची जाणीव तीव्र नसली तरी रोजची असते, आणि ज्याचे देणे आहे तो समोर बसलेला असतो.

मूळ खेळातील एका विधीत हे सारे एकवटलेले दिसते. साठाव्या पातळीचा वॉरलॉक ‘ड्रेडस्टीड’ हा दैत्यलोकीचा घोडा मिळविण्यासाठी एका पडक्या नगरीत साथीदार घेऊन जातो. आवाहनासाठी एक घंटा, एक चाक आणि एक मेणबत्ती लागते. कॅथलिक चर्चच्या बहिष्काराच्या विधीत घंटा, ग्रंथ आणि मेणबत्ती अशी त्रयी होती : घंटा वाजवावयाची, ग्रंथ मिटावयाचा, ज्योत विझवावयाची, आणि पापी मनुष्य समाजाबाहेर. खेळाच्या रचनाकारांनी त्रयीतील दोन वस्तू ठेवल्या आणि ग्रंथाच्या जागी चाक आणले. ज्या वस्तूंनी माणूस समाजाबाहेर घातला जाई, त्यांच्याभोवती येथे आणखी चार माणसे उभी राहतात आणि एकट्याच्या घोड्यासाठी लढतात. सामग्रीचा खर्च त्या काळी इतका असे की पुष्कळ वॉरलॉक या तिन्ही वस्तू एकदा विकत घेऊन, आपला घोडा मिळाल्यावर पुढच्या वॉरलॉकच्या विधीला त्या घेऊन जात, कधी मोबदला घेऊन, कधी तसेच.